यमुनावयनींचे पावणे

सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा हरिश्चंद्र वराडकर केंद्राच्या मागच्या पडवीत बाटल्या धूत बसला होता. त्याच्या नोकरीचे तीन महिने उरले होते. मार्चअखेर तो निवृत्त व्हायचा होता, आणि चोवीस वर्षांत धुतलेल्या बाटल्यांचा हिशेब कुणी मागितला असता तर त्याला हसूच आलं असतं.

पत्र आनंदाचं होतं. मालवणच्या बंदराजवळ विद्यापीठाचं जे छोटं सागरी अभ्यास केंद्र होतं, त्याच्या कामाला दिल्लीहून मोठा सन्मान मिळाला होता. या किनाऱ्यावरच्या मासळीची आणि इतर जिवांची नोंद करणारा ग्रंथ वीस वर्षांच्या खटपटीनंतर छापून झाला होता. एकाच वर्षात केंद्राच्या तीन विद्यार्थ्यांना डॉक्टरेट मिळाली होती. नव्या इमारतीलाही मंजुरी आली होती. म्हणून महिनाअखेरीस कुलगुरू स्वतः येणार होते, आणि ज्यांनी ज्यांनी आजवर केंद्राला हात दिला त्यांचे जाहीर आभार मानायचे होते.

केंद्राचे प्रमुख प्रभुदेसाई सर. वय पस्तिशीचं, पुण्यात शिकलेले, कामाला पक्के आणि स्वभावाने सरळ. त्यांनी आभाराची यादी टाइप करून घेतली आणि हरिश्चंद्राच्या हातात दिली. म्हणाले, तुम्ही सगळ्यात जुने, कुणी राहिलं असेल तर बघा. यादीत बावीस नावं होती. कलेक्टर साहेब होते, बँकेचे चेअरमन होते, बर्फाच्या कारखान्याचे मालक होते, जागा देणारे नारळीच्या बागेचे वारसदार होते. एकही नाव खोटं नव्हतं. प्रत्येकाने काही ना काही केलं होतंच.

हरिश्चंद्राने यादी दोनदा वाचली. "बरी आहे, सर," म्हणाला आणि परत पडवीत येऊन बसला. पण बाटल्यांत काही मन लागेना.

त्रेसष्ट साली तो धामापूरहून इथे चिकटला तेव्हा केंद्र म्हणजे नारळीच्या बागेतल्या दोन खोल्या होत्या. एका खोलीत टेबल, दुसरीत रिकाम्या बाटल्या. पहिले दोन महिने त्या बाटल्या पुसण्यापलीकडे त्याला कामच नव्हतं. मग एके दिवशी मुंबईहून जानकीबाई आल्या. जानकी आजगावकर. आडनाव इथलं, जन्म दादरचा, वय बावीस-तेवीस, पायात रबरी बूट. त्यांना या किनाऱ्यावरचे मासे अभ्यासायचे होते. दुसऱ्याच दिवशी पहाटे त्या हरिश्चंद्राला घेऊन दांडीच्या किनाऱ्यावर गेल्या.

तिथे विठोबा कुबलाची रापण लागलेली होती. चाळीस-पन्नास माणसं दोन्ही टोकांनी ते लांबलचक जाळं पाण्यातून किनाऱ्याकडे ओढत होती. जाळं वर आलं, बांगडे-पेडवे निवडून पाट्यांत गेले, आणि जे कुणी खात नाही, विकत घेत नाही, ते वाळूवर एका बाजूला ढीग करून टाकलं गेलं. जानकीबाई नेमक्या त्या ढिगाशी जाऊन उकिडव्या बसल्या.

लोकांना संशय आला. कुणी म्हणालं, सरकारने जाळ्यांवर पट्टी बसवायला पाठवलेली बाई आहे. दोघा-तिघांनी तर उठा म्हणून सांगितलं. विठोबा रापणीचा मुख्य. उंच, काळाभोर, बोलायला कमी. तो आला, थोडा वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, टाकलेलंच तर उचलते आहे, उचलू दे तिला. एवढ्यावर विषय मिटला. तिथून पुढे आठ वर्षं तो ढीग जानकीबाईंचा झाला.

विठोबाची बायको यमुनाबाई. काष्टा मारलेलं लुगडं, डोक्यावर पाटी, आणि आवाज असा की बंदरावर बोलली तर बाजारात ऐकू जावा. सुरुवातीला ती बाईंना फार हसली. खायचा मासा सोडून ही घाण काय वेचते म्हणून साऱ्या बाजारात तिने गोष्ट सांगितली. पण हसता हसताच तिची नजर त्या ढिगाकडे वळू लागली. कधी काटेरी अंगाचा, फुगून टम्म होणारा केंड, कधी बोटाएवढा समुद्रघोडा, कधी कुणीच नाव न ठेवलेलं काहीतरी. असलं काही दिसलं की ती ते केळीच्या पानात गुंडाळून पाटीच्या कोपऱ्यात ठेवी. बाजाराची वाट केंद्रावरूनच जात होती. पडवीच्या पायरीशी थांबून ती हाक मारी, "बाईंका सांगा, आज नवीन पावणो इलोहा."

त्या हाकेची हरिश्चंद्राला इतकी सवय झाली की एखाद्या दिवशी ती आली नाही तर सकाळ उजाडल्यासारखी वाटत नसे. तो तिला वयनी म्हणायचा, ती त्याला भावजी. पान उघडलं की जानकीबाई हातातलं काम टाकून बाहेर यायच्या. मग तो मासा कुठे मिळाला, किती पाण्यात, वारा कसा होता, हे सगळं यमुनाबाई सांगे आणि बाई लिहून घेत. शेवटी मासा स्पिरिटच्या बाटलीत जाई, आणि हरिश्चंद्र कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने तारीख, जागा आणि धरणाऱ्याचं नाव लिहून ती चिठ्ठी बाटलीत सोडी. शाई स्पिरिटमध्ये विरघळते, पेन्सिल टिकते, हे त्याला बाईंनीच शिकवलं. धरणाऱ्याचं नाव विसरायचं नाही, हा तर त्यांचा दंडकच होता.

पासष्टच्या चैत्रात जानकीबाई तापाने फणफणल्या. खानावळीतल्या खोलीत एकट्या पडल्या होत्या. यमुनाबाईने कुणाला न विचारता त्यांना बैलगाडीत घातलं आणि आपल्या घरी नेलं. नऊ दिवस त्या कुबलांच्या ओटीवर होत्या. यमुनाबाई पहाटे पेज शिजवून ठेवून बाजाराला जायची, आल्यावर पुन्हा पेज. विठोबा रोज संध्याकाळी ओटीच्या पायरीवर बसून, त्या दिवशी ढिगात काय काय आलं ते बाईंना सांगायचा. बोलायला कमी असलेला तो माणूस, पण माशांबद्दल बोलू लागला की थांबत नसे. बाई बऱ्या होऊन कामावर आल्या त्या मालवणी बोलतच.

एकाहत्तरला त्यांना विद्यापीठात मोठी जागा मिळाली आणि त्या मुंबईला गेल्या. काही वर्षं पत्रं आली, मग ती विरळ झाली. पुढे नवे लोक आले, नवी माणसं शिकायला आली. किनाऱ्यावर ट्रॉलर दिसू लागले आणि रापणी कमी होत गेल्या. सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात विठोबा तीन दिवसांच्या तापाने गेला. हरिश्चंद्र तेव्हा केंद्राच्या बाटल्या घेऊन मुंबईच्या प्रदर्शनाला गेला होता. पंधरा दिवसांनी परत आल्यावर त्याला कळलं. तेराव्यालाही आपण नव्हतो, आता कुठल्या तोंडाने जावं, असं म्हणत आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिला. दिवाळीनंतर गेला तर घराला कुलूप. यमुनाबाई मिठबावला लेकीकडे राहायला गेली होती. मिठबाव काही लंकेत नव्हतं. तरी दहा वर्षांत त्याच्याकडून जाणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रभुदेसाई सरांना सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले. मग थोडे ओशाळून म्हणाले की 'स्थानिक मच्छीमार बांधव' अशी एक ओळ त्यांनी शेवटी घातली आहे. हरिश्चंद्र म्हणाला, "सर, बांधव म्हटलं की कुणीच नाही. त्यांना नाव आहे. विठोबा कुबल आणि यमुनाबाई कुबल."

सरांनी तिथेच पेनाने दोन नावं यादीत घातली आणि म्हणाले, बाई हयात असतील तर तुम्हीच जाऊन घेऊन या, त्यांचा सत्कार करू.

रविवारी हरिश्चंद्र आचऱ्यावरून एसटीने मिठबावला गेला. लेकीचं घर माडांत होतं. अंगणात मांडवाखाली यमुनाबाई सुकी मासळी उलटीपालटी करत बसली होती. केस पांढरे झालेले, पाठ थोडी वाकलेली, पण त्याने खळ्यात पाऊल टाकलं तशी मान वर न करताच तिने ओळखलं. लेक विमल पाणी घेऊन आली.  यमुनाबाईने हातातला मासा खाली ठेवून विचारलं, "ते गेले तेवां तुमी खंय होतात, भावजी?"

मुंबईला होतो, हे त्याच्या ओठांवर आलं. पण दहा वर्षं काही तो मुंबईला नव्हता. तो म्हणाला, "चुकला माजा, वयनी."

तिने विमलला चहा ठेवायला सांगितलं, आणि त्यावरून हरिश्चंद्राला बसावंसं वाटलं. मग त्याने सन्मानाची, ग्रंथाची, कुलगुरूंची हकीगत सांगितली. मुंबईहून जानकीबाईही येणार आहेत हे सांगितलं. तुमचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा आहे, हेही सांगितलं. यमुनाबाईने बाईंची चौकशी केली. लग्न झालं का, मुलं किती, तब्येत कशी. सत्काराचं मात्र तिने मनावर घेतलं नाही. या वयात शाल घेऊन काय करू, म्हणाली. मग समुद्राच्या बाजूला बघत तिने सांगितलं,

"माका शाल नको. इतकी वर्सां मी आणून दिलंय, पन तुमी आत तेंचा काय करतात तां कदी बघूक गावला नाय. तां दाखवा."

हरिश्चंद्राला पहिल्यांदा कळेचना. मग आठवलं. आठ वर्षं ती रोज पायरीपर्यंत येत होती, पण पडवीच्या आत तिचा पाय कधी पडला नव्हता. "तुमी कदी आत कित्याक इल्यात नाय, वयनी?" त्याने विचारलं.

"कोणी आत ये म्हणूक नाय," ती म्हणाली. रागाने नव्हे, वारा पडला होता म्हणून होडी गेली नाही, असं सांगावं तितक्या सहज.

परतीच्या एसटीत हरिश्चंद्र खिडकीशी बसला होता, पण बाहेरचं काहीच त्याला दिसत नव्हतं. नको म्हणून कुणीच सांगितलं नव्हतं. जानकीबाईंच्या मनातही कधी तसं आलं नसेल. मासळीची पाटी, ओलं लुगडं, तिला पुढे बाजाराची घाई, असंच सगळे धरून चालले होते. त्यानेसुद्धा. एक शब्द म्हणायचा होता, आणि तो कुणीच म्हटला नाही.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी तो तिला एसटी स्टँडवरून घेऊन आला. तिने नवं लुगडं नेसलं होतं आणि अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळला होता. केंद्राच्या पायरीशी ती सवयीने थांबली. हरिश्चंद्र वर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आत येवा, वयनी."

बाटल्यांची खोली मोठी होती, तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या. यमुनाबाई दारातच उभी राहिली. स्पिरिटचा वास तिला झोंबला असावा, तिने पदर नाकाला लावला आणि मग काढला. पहिल्या फळीपासून ती हळूहळू चालत गेली. हा लेप, ही वागळी, हा केंड, ही मोरीची पिल्लं. नावं ती हलक्या आवाजात घेत होती. एका बाटलीशी थांबून तिने कोण आणलं म्हणून विचारलं. हरिश्चंद्राने बाटली उजेडात धरून आतली चिठ्ठी वाचली. 'दांडी किनारा, १२ नोव्हेंबर १९६४, विठोबा कुबल.' पुढच्या बाटलीवरही तेच नाव. त्याच्या पुढच्या बाटलीत होतं, 'यमुनाबाई कुबल.'

"माजा नाव?" तिने विचारलं.

"तुमचाच. पेन्सिलीन लिवलला. अजून तसाच आसा."

तिने बाटली हातात घेतली. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती चिठ्ठीकडे बराच वेळ बघत होती. हरिश्चंद्राने स्टूल पुढे केलं. बसल्यावर तिने दुसरंच काही विचारलं. बाटलीतल्या माशावर बोट ठेवून म्हणाली, "पन ह्येचो रंग खंय गेलो?"

स्पिरिटमध्ये रंग राहत नाही, सगळे मासे पांढरट-पिवळे होतात, असं त्याने सांगितलं. यमुनाबाईला ते पटेना. हा असा नव्हताच, म्हणाली. पाठ हिरवीगार, बाजारच्या काचेच्या बांगड्यांसारखी, आणि पाण्यातून काढल्यावर पोटाशी जांभळी रेघ उमटायची, ती चुटकीएवढ्या वेळात विझायची. तो पलीकडचा, तो तर अंगावर हळद सांडल्यासारखा. आणि ही वागळी. तिच्या पाठीवर निळे ठिपके होते, विठोबाने ते मोजले होते, सव्वीस.

दारात प्रभुदेसाई सर उभे होते. ते कधी आले हे दोघांनाही कळलं नव्हतं. त्यांनी हे मासे फक्त बाटलीत पाहिले होते. यातले काही तर आता किनाऱ्यावर मिळतही नव्हते. ते पुढे आले, खिशातून वही काढली आणि खाली फरशीवरच बसले. म्हणाले, बाई, पुन्हा सांगा, पहिल्यापासून. तिची मालवणी त्यांना अर्धी कळायची, उरलेली अर्धी हरिश्चंद्र समजावून देत होता. पाच वाजेपर्यंत फळीचा एकच कोपरा झाला.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. जानकीबाई आत आल्या. सत्तेचाळीसच्या झाल्या होत्या, चष्मा लागला होता, बरोबर विद्यापीठाची दोन माणसं होती. खोलीत पाऊल टाकल्यावर त्यांना स्टुलावरची बाई दिसली आणि त्या जागीच उभ्या राहिल्या. मग बरोबरच्या माणसांना विसरून त्या सरळ पुढे गेल्या आणि यमुनाबाईच्या पायांशी वाकल्या.

यमुनाबाईने त्यांच्या दंडाला हात लावून बघितला. "किती वाळलंस गो," म्हणाली.

जानकीबाई तिथेच तिच्यापाशी बसल्या. मग त्यांनी विठोबाबद्दल विचारलं. तो गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. यमुनाबाईने सांगितलं, आणि मग दोघी त्या बाटल्यांच्या खोलीत बराच वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या. हरिश्चंद्र सरांना घेऊन बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी समारंभ झाला. मांडव भरला होता. कुलगुरूंनी सन्मानपत्र वाचलं, ग्रंथाच्या पहिल्या प्रती दिल्या, डॉक्टरेट मिळवलेल्या तिघांना उभं केलं. मग आभाराची यादी वाचली गेली आणि एकेक जण शाल घेऊन गेला. कुबलांचं नाव आलं तेव्हा यमुनाबाई पहिल्या रांगेतून उठली. शाल नको म्हणणारी ती, पण आता नको म्हणाली नाही, अंगावर नीट घेतली. कुलगुरूंनी आपुलकीने विचारलं, आजी, तुम्ही केंद्रासाठी काय काय केलंत. माईक समोरच होता.

"आमी रापणीतला टाकी होतव, तां हेंनी उचलून ठेवल्यानी," ती म्हणाली. "आमी येगळा काय एक करूक नाय."

लोक हसले आणि मग टाळ्या वाजल्या. हरिश्चंद्र मांडवाच्या कडेला पाण्याच्या पिंपाशी उभा होता. तो टाळ्या वाजवायला विसरला. त्याला दांडीचा किनारा दिसत होता, वाळूवरचा तो ढीग, त्याच्याशी उकिडवी बसलेली रबरी बुटातली मुलगी आणि मागे कमरेवर हात ठेवून उभा असलेला विठोबा.

जानकीबाईंनी भाषण छोटंच केलं. नव्या इमारतीत बाटल्यांच्या खोलीचं दार रस्त्याच्या बाजूला ठेवा आणि ते उघडं ठेवा, एवढी एकच मागणी त्यांनी विद्यापीठाकडे केली. कारण सांगितलं नाही.

मार्चच्या शेवटी हरिश्चंद्र निवृत्त झाला. निरोपाचा कार्यक्रम झाला, त्यालाही शाल मिळाली. पण एक एप्रिलला तो नेहमीच्या वेळी केंद्रात हजर होता, कारण तो बुधवार होता. समारंभानंतर प्रभुदेसाई सरांनी स्वतः मिठबावला जाऊन यमुनाबाईला विनंती केली होती, आणि तेव्हापासून दर बुधवारी ती अकराच्या एसटीने यायची. स्टुलावर बसायची. विमलने दिलेला डबा शेजारी ठेवायची. सर बाटली समोर आणून ठेवत, ती रंग सांगे, आणि हरिश्चंद्र ते तिच्याच शब्दांत लिहून घेई. कारण सरांना 'शेवाळी' आणि 'हिरवो' यांतला फरक अजून कळत नव्हता.

काम भरभर होत नसे. एकेका माशामागे एकेक दिवस असायचा, वारा असायचा, कुणाचं तरी भांडण, कुणाचं लग्न. विठोबा तर प्रत्येक दुसऱ्या बाटलीला येई. सांगता सांगता ती मध्येच गप्प व्हायची, मग हरिश्चंद्र पेन्सिल खाली ठेवून थांबायचा. त्यालाही काही घाई नव्हती.

मे संपेपर्यंत चार फळ्या झाल्या. मग पाऊस लागला, समुद्राला उधाण आलं, एसटीचं काही खरं नव्हतं, म्हणून यमुनाबाईने सरांना सांगितलं की आता नारळी पुनवेनंतर. जाताना ती दारात थांबली, उरलेल्या फळ्यांकडे एकदा नजर टाकली आणि हरिश्चंद्राला म्हणाली, ती वरची निळी मोठी बाटली पुढच्या खेपेला आधी काढून ठेवा, त्या दिवशी हे पहिल्यांदा माझ्यावर रागावले होते, ते तुम्हाला सांगायचं राहिलंय.